भोंगा वाजल्यानंतरची शाळा

वय तीस-पस्तीस, हातात कसब, पण सही करायची वेळ आली की अंगठा पुढे. रायपूरजवळच्या उरल्यासारख्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या माणसाला आज शिकायचंच असेल तर कोणते दरवाजे उघडे आहेत? आणि ते उघडे असूनही आत शिरणं इतकं अवघड का?

रायपूर शहर मागे पडलं, बिरगाव आलं, की हवेचा रंग बदलतो. घरांच्या पत्र्यांवर, झाडांच्या पानांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळसर धूळ दिसू लागते. उरला आलं, हे सांगायला वेगळी पाटी लागत नाही. उरला आणि त्याच्या पलीकडचं सिलतरा ही छत्तीसगडची लोखंडी वसाहत. स्पंज आयर्नचे कारखाने, तापलेलं लोखंड ओढून सळया काढणाऱ्या रोलिंग मिल, फेरो अलॉयच्या भट्ट्या. इथे राबणारी माणसं छत्तीसगडच्या खेड्यांतून येतात, तशीच ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातूनही येतात. पुष्कळजण ठेकेदाराच्या हाताखालचे. बांधकामावर आणि मालाच्या चढउतारावर बायाही असतात. त्यांना इथे ‘रेजा’ म्हणतात. नागपूर-भंडाऱ्याकडच्या वाचकांना हा शब्द नवा नाही.

कारखान्याच्या फाटकातून आत गेलं की पाट्याच पाट्या. हेल्मेट घाला, गरम धातूपासून लांब राहा, विजेचा धोका, क्रेनखाली उभं राहू नका. १९४८ च्या कारखाना कायद्याने अशा सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची सक्ती केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पण कायदा जुना असो की नवा, तो भाषेची अट घालू शकतो. ती भाषा वाचता येण्याची सोय कोण करणार? बोलायला हिंदी येते, घरी छत्तीसगढी चालते, आणि पाटीवरची अक्षरं मात्र नुसती नक्षी वाटते, अशा माणसासाठी त्या पाटीचा उपयोग भिंत झाकण्यापुरताच. धोका त्याला कळतो तो शेजारच्याच्या ओरडण्यातून, नाहीतर स्वतःच्या भाजलेल्या हातातून.

असे कितीजण असतील? २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडमधली साक्षरता ७०.२८ टक्के होती. पुरुषांची ८०.२७ आणि स्त्रियांची ६०.२४. म्हणजे सात वर्षांवरच्या दर पाच बायकांतल्या दोघी निरक्षर. (महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ८२.३४ होता. फार छाती फुगवावी असा तोही नाही.) त्यापुढची जनगणना लांबतच गेली, त्यामुळे अजून हेच आकडे हाताशी धरावे लागतात. शाळेत जाणारी पिढी तेव्हापासून पुढे गेली आहे हे खरं. पण त्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज चाळिशीच्या घरात आहे आणि त्याच्यासाठी मधल्या काळात कुणी वर्ग भरवला नसेल, तर तो होता तिथेच आहे.

अंगठ्याचा नवा अवतार

पूर्वी निरक्षर माणूस नाडला जायचा तो सावकाराच्या कागदावर. आता कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे. पगार बँकेत जमा होतो, त्याचा संदेश फोनवर येतो. भविष्य निर्वाह निधीला बारा आकडी क्रमांक असतो आणि तो माहीत असेल तर आपल्या खात्यात ठेकेदाराने पैसे भरले की नाही, हे फोनवरच बघता येतं. वाचता येणाऱ्याला ही केवढी सोय! वाचता न येणाऱ्याला मात्र फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. ओटीपी आला की तो त्यालाच वाचायला सांगावा लागतो. बँकवाले रोज बजावतात, ओटीपी कुणाला सांगू नका. पण ज्याला तो वाचताच येत नाही, त्याने काय करायचं, हे कुठल्याच जाहिरातीत सांगितलेलं नसतं.

बायकांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी जवळ आली आहे. छत्तीसगडमध्ये मार्च २०२४ पासून ‘महतारी वंदन’ योजनेत विवाहित स्त्रियांच्या खात्यात महिन्याला हजार रुपये जमा होऊ लागले. त्याच वर्षी जुलैपासून महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ आली, तिचे दीड हजार. पैसे बाईच्या नावावर, खातंही तिचंच. पण पासबुकातला आकडा नवरा, दीर किंवा मुलगा वाचून दाखवणार असेल, तर पैसे आले किती आणि उरले किती, हे तिला कसं कळणार? साक्षरतेच्या वर्गाला येणाऱ्या बाईला ‘कमळ’ आणि ‘गवत’ लिहिण्यात रस असतोच असं नाही. तिला आधी स्वतःचं नाव हवं असतं, मग पासबुक, मग बसची पाटी. ज्यांनी हे ओळखलं त्यांचे वर्ग चालले. ज्यांनी लहान मुलांचीच अंकलिपी मोठ्यांच्या हातात दिली, त्यांचे वर्ग पहिल्या महिन्यातच रिकामे झाले.

जुनी वाट, मराठी पावलं

मोठ्या माणसांना शिकवण्याचा खटाटोप आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी तिथे अक्षरं गिरवायची. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. गावातली सगळी मोठी माणसं लिहू-वाचू लागली की ‘ग्रामगौरव समारंभ’ व्हायचा, गावजेवणासारखा थाट असायचा. कल्पना अस्सल मातीतली होती. कमी पडलं ते समारंभानंतर. हाताशी पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, त्यामुळे कष्टाने शिकलेली अक्षरं अनेकजण हळूहळू विसरले. पोहणं एकदा आलं की विसरत नाही म्हणतात. वाचणं तसं नाही.

रायपूरशी तर या बाबतीत मराठी माणसाचं जुनं नातं आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं तेव्हा तोही इंग्रजांकडे गेला. ज्यांच्या हिंदी लेखणीचं छत्तीसगडला आजही कौतुक आहे ते माधवराव सप्रे मराठी घरातले. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा इथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि रायपूरचे वामनराव लाखे. मासिक जेमतेम तीन वर्षं चाललं. पुढे याच सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, आणि १९११ च्या सुमारास रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. मुलींना शिकवणं हीच जिथे चेष्टेची बाब होती, त्या काळात! लाख्यांनी सहकारी बँकेच्या कामाला वाहून घेतलं. रायपूरचं महाराष्ट्र मंडळही १९३५ पासूनचं आहे.

कामगारांच्या शिक्षणापुरतं बोलायचं तर आणखी दोन गोष्टी मराठी मुलखातूनच सुरू झाल्या. १९५८ मध्ये केंद्र सरकारने कामगार शिक्षण मंडळ स्थापन केलं, त्याचं मुख्यालय नागपुरात ठेवलं. आज ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखलं जातं. आणि १९६७ मध्ये मुंबईत वरळीला देशातलं पहिलं ‘श्रमिक विद्यापीठ’ उभं राहिलं. युनेस्कोने पुरस्कारलेली ही कल्पना. तिच्यात एक शहाणपण होतं. कामगाराला फक्त अक्षर शिकवायचं नाही, फक्त कसबही शिकवायचं नाही. त्याच्या कामाला, घराला, आरोग्याला लागेल ते सगळं एकत्र शिकवायचं, आणि तेही त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या वस्तीजवळ. गिरणगावच्या चाळींत हे पटण्यासारखंच होतं. २००० साली या विद्यापीठांचं नाव ‘जन शिक्षण संस्थान’ झालं आणि २०१८ मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. आज देशभर ती आहेत, रायपूरलाही आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा अर्धवट सोडलेल्यांना तिथे शिवणकाम, वीजजोडणी, सौंदर्यप्रसाधन असे छोटे अभ्यासक्रम शिकवले जातात. येणाऱ्यांत बायकाच जास्त. खातं बदलल्यावर मात्र अक्षराचं पारडं थोडं हलकं झालं आणि कसबाचं जड, असं म्हणायला जागा आहे.

छत्तीसगडच्या मातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र कुठल्याच सरकारी योजनेतलं नाही. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत ठेक्यावर राबणाऱ्या मजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत संघटना बांधली. मजुरी वाढली, पण वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यावर जाऊ लागली तेव्हा याच संघटनेने दारूबंदीची मोहीम काढली. मग मुलांसाठी शाळा काढल्या आणि १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून, श्रमदानातून शहीद रुग्णालय उभं केलं. मोठेपणीचं शिक्षण म्हणजे काय, ते इथे दिसलं. डॉक्टर बाहेरून आले होते, पण जखम बांधणं, सलाइन लावणं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देणं हे काम खाणमजूर आणि त्यांच्या घरची माणसं शिकली. ज्यांच्या हाती कधी पेन आलं नव्हतं, त्यांच्या हाती थर्मामीटर आला. १९९० नंतर ही चळवळ भिलाई, कुम्हारी, टेडेसरा आणि उरल्याच्या कारखान्यांपर्यंत पोचली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असलेल्या नियोगींवर गोळी झाडण्यात आली. माणूस गेला, पण रुग्णालय अजून उभं आहे.

दोनशे तासांचा हिशेब

५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेव्हा डोळ्यांसमोर होते १५ ते ३५ वयाचे लोक. पुढच्या काही वर्षांत कलाजत्थे निघाले, गावोगाव गाणी झाली, कॉलेजातली मुलं कंदील घेऊन वस्त्यांत गेली. केरळचा एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झाला. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्ध्याने आघाडी घेतली. तेव्हाच्या आखणीत तीन वाचनपुस्तकं आणि सुमारे दोनशे तास असं गणित होतं.

आजची योजना २०२२ ची. तिचं नाव नव भारत साक्षरता कार्यक्रम, पण सगळीकडे ती ‘उल्लास’ म्हणूनच ओळखली जाते. मुदत २०२६-२७ पर्यंत, खर्च १०३७ कोटी ९० लाख रुपये, लक्ष्य पाच कोटी लोकांचं. ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्द त्यात बाजूला ठेवला आहे आणि ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हटलं आहे. वयाची खालची मर्यादा पंधरा, वरची नाहीच. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. पायाभूत साक्षरतेसाठी इथेही दोनशे तासच. शेवटी दीडशे गुणांची चाचणी होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास गुण. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात आपल्या सोयीने यायचं, तीन तासांत पेपर सोडवायचा. सासू-सून एका बाकावर बसून परीक्षा देताहेत, अशी छायाचित्रं दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. जून २०२४ मध्ये लडाख, २०२५ च्या मे महिन्यात मिझोराम आणि पाठोपाठ आपला शेजारी गोवा ‘पूर्ण साक्षर’ जाहीर झाला. इथे पूर्ण म्हणजे शंभर टक्के नव्हे, पंच्याण्णव टक्क्यांना पूर्ण धरतात.

दोनशे तास म्हणजे रोज दोन तास धरले तर शंभर दिवस. ऐकायला सोपं वाटतं. पण उरल्यातल्या पाळीच्या कामगारासाठी हा हिशेब करून बघा. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. संध्याकाळी सात वाजता भरणाऱ्या वर्गाला तो तीन आठवड्यांतून फार तर दोन आठवडे येणार. त्यात ओव्हरटाइम आला, धानाच्या कापणीला गावी जाणं आलं, ठेका संपल्यावर दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या वस्तीत जाणं आलं. शंभर दिवसांचे वर्ष-दीड वर्ष होते, आणि मधल्या खाड्यात शिकलेलं निम्मं पुसलं जातं. मग अहवालात लिहिलं जातं की, कामगारांना शिकण्याची आवड नाही!

यावर उपाय अगदी साधे आहेत आणि ते कुणाला ठाऊक नाहीत असंही नाही. वर्ग दोन वेळा भरवायचा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, धडा तोच. म्हणजे पाळी बदलली तरी धडा बुडत नाही. कारखान्याने जेवणघराचा एक कोपरा आणि आठवड्यातून दोन-तीन तास पगारी वेळ दिला, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. कारखान्याचाही यात तोटा नाही. सूचना वाचू शकणारा माणूस भट्टीजवळ उभा असणं, हे मालकाच्याही फायद्याचंच आहे. सध्या सगळा भार आहे तो स्वयंसेवकाच्या उत्साहावर. उत्साह फुकट मिळतो, म्हणून तो कायम पुरेल असं समजायचं कारण नाही.

दहावी, आयटीआय आणि वयाची अट

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची ‘आजीबाईंची शाळा’ सगळ्यांना ठाऊक आहे. ८ मार्च २०१६ ला ती सुरू झाली आणि गुलाबी नऊवारीतल्या, पाठीवर दप्तर घेतलेल्या आज्यांची छायाचित्रं जगभर गेली. केरळच्या कार्तियानी अम्मांनी २०१८ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवले, तेही कौतुक देशाने केलं. करायलाच हवं. पण पस्तिशीच्या कामगाराकडे कुणी कॅमेरा घेऊन जात नाही. त्याला मायेपेक्षा प्रमाणपत्राची गरज असते. मदतनीस म्हणून लागलेला माणूस दहा वर्षांनी उत्तम वेल्डिंग करतो, पण कागदावर तो ‘अकुशल’ राहतो आणि मजुरीही अकुशलाचीच घेतो.

त्याच्यासाठी वाट आहे, आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा रुंद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून हे काम करते. तिच्याकडे चौदा वर्षांवरच्यांसाठी तीन पायऱ्या आहेत: तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. त्यापुढे दहावी आणि बारावी. वरची वयोमर्यादा नाही. प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षं मुदत, तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, एकेक करून सोडवता येतात. पाळीच्या कामगारासाठी याहून सोयीची रचना दुसरी नाही. छत्तीसगडचं स्वतःचं राज्य ओपन स्कूल रायपुरातच आहे. महाराष्ट्रात मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि जुना, सगळ्यांच्या तोंडी असलेला सतरा नंबरचा फॉर्मही.

आयटीआयच्या बाबतीत एक मोठा गैरसमज आहे. ‘आता या वयात कोण घेणार?’ असं म्हणून माणसं चौकशीच करत नाहीत. वास्तविक आयटीआयला चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात, वरच्या वयाची अट नाही. फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, पण वेल्डरसारख्या व्यवसायाला आठवी पुरते. आठवीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला आणि एनआयओएसकडून भाषेचा विषय सोडवला, तर तो दहावीच्या बरोबरीचा धरला जातो. दहावीनंतर केला तर बारावीच्या. अनुभवाने आलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत आली. त्या प्रमाणपत्राने पगार वाढतोच असं नाही, पण नवीन कारखान्याच्या फाटकावर तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं.

पदवीपर्यंत जायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि छत्तीसगडमध्ये बिलासपूरचं पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठात बरीच वर्षं ‘पूर्वतयारी’ची सोय होती. शाळा सुटलेल्या कितीतरी गृहिणी, पोलीस शिपाई, एसटीचे वाहक त्या दारातून आत शिरले आणि पदवीधर झाले. घरात कुणी तरी असं शिकलेलं असतंच, विचारून बघावं.

प्रत्यक्ष सुरुवात कुठून करायची? अजिबात लिहिता-वाचता येत नसेल तर जवळच्या सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जावं. ‘उल्लास’ची नोंदणी तिथेच होते, पैसे पडत नाहीत आणि शिकवायला तयार असलेल्यांचीही नावं तिथेच घेतली जातात. परप्रांतातून आलेल्यांनी आधार कार्डावर गावचा पत्ता आहे म्हणून मागे फिरू नये, राहत्या ठिकाणच्या शाळेतच विचारावं. थोडंफार वाचता येत असेल आणि नजर दहावीवर असेल, तर एनआयओएसच्या अभ्यासकेंद्राची चौकशी करावी. तिथे पुष्कळांची पावलं एका गोष्टीपाशी अडतात: लहानपणची शाळा कुठली होती तेच आठवत नाही, मग दाखला आणायचा कुठून? दहावीच्या प्रवेशाला आठवी पासचा दाखला नसला तरी चालतं. दहावीचा अभ्यास झेपेल इतपत शिकलो आहे, असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं की पुरतं. मात्र वेल्डरच्या आयटीआयला जायचं असेल तर आठवीचा कागद लागतोच, आणि तो मिळवायला मुक्त शाळेची आठवीची पायरी आधी चढावी लागते.